उंचीचा भाव

१

कॅप्टन सबनीसांना सगळी कंपनी तात्या म्हणायची. विमान उतरवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हट्टीपणातही नव्हता. टॉवरशी इंग्रजीतच बोलावं लागे, तिथे त्यांचं काही चालत नसे. पण शेजारी मराठी सहवैमानिक बसला की आपापसात उंची मराठीत सांगायची, हा त्यांचा कायदा. "खाली लोक मुंबईसाठी लाठ्या खातायत," ते म्हणायचे, "आपण निदान वर तरी महाराष्ट्र करून टाकू."

त्यामुळे साडेतीन हजार फूट म्हणजे नुसतं 'साडेतीन' आणि अडीच हजार म्हणजे 'अडीच'. सहवैमानिकाने काट्याकडे बघत आकडा सांगायचा, तात्यांनी तो मोठ्याने परत म्हणायचा आणि मगच हातातलं चाक हलवायचं. परत म्हटला म्हणजे पटला. जयवंत गुप्ते त्यांच्या शेजारी बसायला लागल्याला दोन पावसाळे उलटले होते आणि या पद्धतीत एकदाही घोळ झाला नव्हता.

बंगलोरहून येणारं संध्याकाळचं डाकोटा विमान कुलाब्याकडून शहरावर शिरायचं. गिरगाव, भायखळा, लालबाग करत दादरपर्यंत सरळ यायचं, तिथे उजवीकडे वळून ट्रॉम्ब्याच्या डोंगराला वळसा घालायचं आणि सांताक्रूझला टेकायचं. शहरावर असेपर्यंत टॉवर त्यांना अडीच हजारांची उंची देई. त्याखाली, दीड हजारांवर, बहुतेक वेळा दुसरं एखादं विमान फिरवत ठेवलेलं असे. म्हणून दिलेली उंची सोडायची नाही. हे काही कोणाला शिकवावं लागत नाही.

लालबागच्या गिरण्यांवरून जाताना जयवंत दररोज उजव्या खिडकीतून खाली बघून घ्यायचा. धुराखाली कुठेतरी त्याची चाळ होती आणि चाळीच्या शेवटच्या मजल्यावर मीनाक्षी होती. विमानाचा आवाज ऐकला की ती भाताचं आधण ठेवायची. तो घरी पोचेस्तोवर आमटी उकळलेली असायची. मीनाक्षीला सातवा सरत आला होता. पहिल्या खेपेला ती माहेरी रत्नागिरीला गेली होती आणि रिकाम्या हाताने परतली होती. या वेळी तिने साफ सांगितलं होतं की ती मुंबई सोडणार नाही, आणि जयवंतनेही मनातल्या मनात देवाला सांगून टाकलं होतं की बाकी काय हवं ते घे, पण हे एवढं राहू दे. त्याला त्या दिवसांत दुसरं काही सुचतच नव्हतं.

२

त्या संध्याकाळी हवा स्वच्छ होती. भायखळा मागे पडलं, काटा अडीचवर आला आणि जयवंत म्हणाला, "अडीच."

"दीड," तात्या म्हणाले आणि विमानाचं नाक खाली गेलं.

जयवंतला क्षणभर वाटलं, तात्या थट्टा करतायत. पण काटा घसरत होता आणि तात्या शांतपणे समोर बघत होते, रोज बघायचे तसेच. त्याने पुढे वाकून दोन्ही हातांनी स्वतःच्या बाजूचं चाक मागे ओढलं. विमान कण्हत वर आलं, मागे कोणा प्रवाशाची पिशवी पडल्याचा आवाज आला.

"हे काय केलंस?" तात्यांनी विचारलं.

"तात्या, आपल्याला अडीच दिलंय."

"मग तू दीड का म्हणालास?"

जयवंतने काट्याकडे पाहिलं. त्याने अडीच म्हटलं होतं, याबद्दल त्याला शंका नव्हती. पण तात्यांच्या चेहऱ्यावरही शंका नव्हती. खाली दीड हजारांवर पुण्याचं विमान होतं आणि त्याच्या कॅप्टनने डोक्यावर दुसऱ्या विमानाचं पोट दिसल्याची तक्रार उतरल्याबरोबर केली.

घरी पोचला तर शेजारच्या आनंदीबाई गॅलरीतून दोरीने टोपली खाली सोडून भाजीवाल्याशी भांडत होत्या. दररोज तिन्हीसांजेला हा सोहळा चाले आणि अख्खी चाळ तो ऐके. जयवंतला बघताच त्यांनी दोरी कठड्याला गुंडाळली.

"आज तुझां इमान कौलांक घासून गेलां काय रे?" त्यांनी विचारलं. "माझी भांडी फळयेवरसून खाली इली."

मीनाक्षीलाही आवाज मोठा वाटला होता. ती घाबरली मात्र नव्हती. उलट विमान डोक्यावरून गेलं तेव्हा बाळाने अशी काही लाथ मारली म्हणे, की तिच्या हातातली पळी पडली. ते सांगताना ती हसत होती. जयवंतने तिच्या पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

३

कंपनीने दोघांना बोलावलं. तात्यांनी आपल्याला दीड ऐकू आलं एवढंच सांगितलं. एवढ्या वर्षांच्या कॅप्टनला ऐकू येत नाही म्हटल्यावर कानाची तपासणी आली, आणि तपासणीत काही निघालं तर उडणं बंद. तात्यांना बायको नव्हती, मूल नव्हतं. गिरगावातली खोली आणि हे विमान, एवढाच त्यांचा संसार. जयवंतने सरळ खोटं सांगितलं. उंचीच्या घड्याळाचा काटा मध्येच अडकला होता, असं तो म्हणाला. घड्याळ उघडून पाहिलं, ते ठणठणीत निघालं, आणि पुन्हा असं होता कामा नये अशी समज देऊन दोघांना सोडलं.

जयवंत आकड्यांवर विश्वास ठेवणारा माणूस होता. इंजिनाच्या गडगडाटात 'अडीच'चं 'दीड' होऊ शकतं, असं त्याने स्वतःला समजावलं. पहिलं अक्षर गिळलं की 'डीच' उरतं, आणि 'डीच' काय नि 'दीड' काय. त्याने त्या दिवसापासून 'अ' लांबवून म्हणायला सुरुवात केली. तात्या त्याला चिडवायचे की शाळामास्तर झालास म्हणून. चार फेऱ्या नीट गेल्या आणि त्याचं मन थाऱ्यावर आलं.

मग एका संध्याकाळी, पुन्हा लालबागवर येताना, तो म्हणाला, "अडीच."

"दीड," कोणीतरी म्हणालं.

तात्यांचे ओठ मिटलेले होते. जयवंत त्यांच्याकडेच बघत होता. आवाज हेडफोनमधून आला होता, टॉवरच्या खरखरीच्या आतून, आणि तो बाईचा होता. चढा नाही, रागावलेला नाही. रोज बाजारात जाणारी बाई भाजीवाल्याने भाव सांगितला की ज्या सुरात आपला भाव सांगते, त्या सुरातला. आनंदीबाई अगदी अशाच बोलायच्या, पण हा आवाज आनंदीबाईंचा नव्हता. त्याच्या ओळखीतल्या कोणाचाच नव्हता.

तात्यांनी चाक पुढे रेटलं. जयवंतने मागे ओढलं. काटा पुन्हा अडीचवर आला.

४

त्या आठवड्यात हरताळ पडला. गिरण्या बंद, दुकानं बंद, ट्राम बंद. संध्याकाळी ते शहरावर आले तेव्हा एकाही धुराड्यातून धूर नव्हता आणि रस्त्यांवर दिवे नव्हते. एरवी लालबाग वरून तांबूस दिसायचं. आज तिथे नुसता काळोखाचा चौकोन होता. तात्या म्हणाले, अशी मुंबई त्यांनी लढाईच्या काळातल्या ब्लॅकआउटनंतर पहिल्यांदाच बघितली. जयवंत घड्याळाकडे डोळे लावून बसला होता. आज दीड हजारांवर कोचीनचं विमान आहे हे टॉवरने दोनदा सांगितलं होतं.

"अडीच," तो म्हणाला.

"अडीच," तात्या म्हणाले. जयवंतने श्वास सोडला.

"दीड," बाई म्हणाली.

तात्यांचे हात हलले. जयवंतने त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि तो जोरात म्हणाला, "अडीच!"

"दीड."

"अडीच सांगितलंय."

"दीडला देतोस का बोल."

एवढं लांब वाक्य ती पहिल्यांदाच बोलली. इंजिनांचा आवाज मागे गेल्यासारखा झाला आणि तिच्या बोलण्यामागे जयवंतला माणसं ऐकू आली. चाळीच्या गॅलरीत संध्याकाळी असतात तशी: कोणी खाकरतंय, कोणी बादली सरकवतंय, एक मूल रडून रडून थकलंय. काटा अडीचवरून निसटून खाली येत होता. तात्यांच्या कपाळावर घाम होता. ते चाक मागे ओढत होते की पुढे ढकलत होते, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. खाली काळोखात कोचीनचं विमान होतं. काय करावं ते जयवंतला कळेना, आणि कळेनासं झालं की माणूस लहानपणापासून ऐकलेलंच बोलतो.

"तुझं नाही, माझं नाही," तो म्हणाला. "दोन."

काटा दोनच्या जवळ आला होता.

"बरं," बाई म्हणाली.

काटा दोनवर थांबला. ट्रॉम्ब्यापर्यंत तो जागचा हलला नाही. कोचीनच्या विमानाचे दिवे खालून, पुरेसं अंतर राखून निघून गेले आणि तात्यांनी विमान इतकं अलगद टेकवलं की मागे प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या.

"तू कोणाशी बोलत होतास?" इंजिनं बंद झाल्यावर तात्यांनी विचारलं. जयवंत म्हणाला, कोणाशी नाही, घाबरून काहीतरी बडबडलो. त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटत होतं. घासाघीस का असेना, माणसं वाचली होती. त्यानंतरच्या फेऱ्यांत हेडफोनमध्ये बाईचा आवाज आला नाही.

५

बाळाचं हलणं त्याच संध्याकाळपासून कमी झालं.

मीनाक्षीने हे लगेच सांगितलं नाही. आज दमले असेन, आज ते झोपलं असेल, असं ती स्वतःला सांगत राहिली. मग एका सकाळी जयवंतला ती मोरीच्या उंबऱ्यावर बसलेली दिसली, दोन्ही हात पोटावर ठेवून, कान देऊन ऐकत असल्यासारखी.

"अहो, हे हलत नाहीये," ती म्हणाली.

परळच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पोटावर नळी लावून बराच वेळ ऐकलं. ठोके होते, पण मंद होते. आई धडधाकट आहे, तिच्या जिवाची काळजी नको, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणाल्या. बाळाचं मात्र दोनचार दिवस वाट बघून ठरवू. मीनाक्षी खिडकीबाहेर बघत होती आणि तिने जयवंतचा सदरा मुठीत गच्च धरून ठेवला होता. तोवर तिला इस्पितळातच ठेवून घेतलं.

जयवंत घरून तिची लुगडी आणायला बसमध्ये चढला. हरताळ मिटून बस चालू झाल्या होत्या, गाडीवर चुन्याने लिहिलेल्या घोषणा तशाच होत्या. त्याच्या पुढच्या बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर पोर घेऊन. कंडक्टर आला तेव्हा तिने पैसे पुढे केले.

"दीड द्या," ती म्हणाली.

कंडक्टरने एक मोठं तिकीट फाडलं आणि एक लहान, आणि तो जयवंतकडे वळला. जयवंतने हात पुढे केला नाही. कंडक्टरने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा तिकिटाचा चिमटा टिकटिक वाजवून विचारलं.

मोठं माणूस एक, पोर अर्धं. आई आणि मूल म्हणजे दीड. नवराबायको आणि मूल म्हणजे अडीच.

तो स्वतःवर हसायचा प्रयत्न करू लागला. पोटातल्या पोराला कोण तिकीट लावतं? ते फूट होते, हजार फूट. तबकडीवरचे आकडे होते. रेडिओत दुसरं कुठलं तरी स्टेशन मिसळत असेल, कोणा बाईचं नाटक चालू असेल. त्याने स्वतःला सगळं समजावलं आणि एकही गोष्ट पटली नाही. त्याच्या घरात तो होता, मीनाक्षी होती आणि ते एवढंसं होतं. अडीच. बाईने त्यात एक कमी करायला सांगितलं होतं. दीड राहील म्हणाली होती, मीनाक्षी आणि बाळ. तो जायचा होता, बस. आणि त्याने काय केलं होतं? शहाणपणाने मध्ये पडून भाव तोडला होता. दोन.

तो आणि मीनाक्षी.

लालबाग आलं आणि गेलं, भायखळा गेलं. त्याचा थांबा केव्हाच मागे राहिला होता.

६

तात्यांच्या खोलीत एक खाट, एक खुर्ची आणि भिंतीवर पंख तुटलेल्या एका जुन्या विमानाचा फोटो होता. जयवंतने सगळं सांगितलं. तात्यांनी चहा केला, दोघांसाठी ओतला आणि कप हातात धरून बसून राहिले.

"बाई म्हणालास," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"जयवंता, मला कधीच बाई ऐकू आली नाही. मला प्रत्येक वेळी तुझाच आवाज आला. तू अडीच म्हणतोस आणि लगेच, तुझ्याच तोंडून, दीड. हरताळाच्या दिवशी तू एकटाच बोलत होतास. एकदा अडीच, एकदा दीड. दोन्ही तूच."

जयवंतला कुठेतरी आधार वाटायला हवा होता. डोक्यावर परिणाम झालाय असं म्हणून सुटता आलं असतं. रजा घेता आली असती, औषध घेता आलं असतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे नळीला कान लावून बसलेली डॉक्टरीण होती.

"मग माझ्याच तोंडून म्हणतो," तो म्हणाला. "उद्या म्हणतो. दीड."

"ठरलेला भाव मोडता येत नाही, हे मी तुला सांगायला हवं का?"

"मी तिला कमी देत नाहीये, तात्या. तिने मागितलं होतं तेच देतोय."

तात्यांनी कप खाली ठेवला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त एवढंच म्हणाले की मागे माणसं बसलेली असतात, आणि उद्या तू दीड म्हणालास तरी मी ते परत म्हणणार नाही. मी परत म्हटल्याशिवाय माझ्या विमानात आकडा पटत नाही. जयवंतने मान हलवली. जिना उतरताना त्याला वरून तात्यांनी हाक मारल्यासारखं वाटलं, पण गॅलरीत कोणी नव्हतं.

७

दुसऱ्या दिवशी बंगलोरला निघण्याआधी तो इस्पितळात जाऊन आला. ठोके अजून मंद झाले होते. मीनाक्षीने त्याला कपाळावरचे केस मागे सारायला लावले, टोपी सरळ करायला लावली, कोणाला पहिल्यांदा भेटायला जाताना करतात तशी. "लवकर या," ती म्हणाली. "तुम्ही आलात की हे ऐकेल." त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

परतीच्या वाटेवर सूर्य डावीकडे समुद्रात बुडत होता. शहरावर धुराची चादर होती, गिरण्यांचे पाळीचे भोंगे झाले असावेत. जयवंतने टॉवरला इंग्रजीत विचारलं की खाली, दीड हजारांवर कोणी आहे का. टॉवरने सांगितलं की आज कोणी नाही, तुम्ही दिलेल्या उंचीवर राहा. तात्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"अडीच," जयवंत म्हणाला.

"अडीच," तात्या म्हणाले.

भायखळा गेलं. हेडफोनमध्ये टॉवरची खरखर होती आणि बाकी काही नव्हतं. तो वाट बघत राहिला. जिचा सौदा झालेला आहे तिला आता बोलायचं काय कारण, हे त्याच्या लक्षात आलं. लालबाग आलं, आता मागे पडणार होतं.

"ऐक," तो म्हणाला. "दोन नको. तू म्हणाली होतीस तेच. दीड."

तात्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. त्यांनी चाक दोन्ही हातांनी सरळ धरलं होतं, बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"दीड," बाई म्हणाली. आकडा परत म्हणावा तशी, नीट, सावकाश.

काटा हलला. विमानाचं नाक क्षितिजावर होतं, इंजिनांचा सूर तोच होता, मागे कोणी हूं की चूं केलं नाही. खाली जात असल्याचं अंगाला कुठेही कळत नव्हतं. फक्त काटा उतरत होता, आणि धुराची चादर खालून त्यांच्याकडे येत होती, जणू शहरच उठून उभं राहत होतं. "मी काही केलेलं नाही," तात्या म्हणाले. "जयवंता, मी हात हलवलेला नाही." टॉवरने त्यांची उंची विचारली. मग पुन्हा विचारली.

दोन मागे पडलं. पावणेदोन. काचेवर धूर आला आणि उजव्या खिडकीबाहेर सगळं राखाडी झालं. जयवंतला वाटलं की आता इतक्यात, परळला, मीनाक्षीच्या हाताखाली काहीतरी हललं असेल. त्याला ते इतकं खरं वाटलं की तो हसला.

काटा दीडवर टेकला तेव्हा धूर जरासा फाटला. पंखाच्या टोकापलीकडे, जिथे दीड हजार फूट नुसती हवा असायला हवी होती, तिथे लाकडी कठडा होता. कंदिलाच्या उजेडात तो लांबच लांब गेला होता, आणि त्याला रेलून माणसं उभी होती, खांद्याला खांदा लावून, घरी कोण आलं ते बघायला उभी राहतात तशी. मधोमध एक बाई होती. तिने पदर खोचला होता आणि ती दोन्ही हातांनी, सवयीने, एक दोरी वर ओढत होती. विमान समोर आलं तशी ती थांबली. तिने जयवंतकडे पाहिलं, शेजारणीला कोपराने हलकेच ढोसलं आणि स्वतः जरा सरकली.

कठड्यापाशी एका माणसापुरती जागा झाली.